हार्ड डिस्कच्या दोन भुजा आणि कर्नेलचे नियोजन

जगातील मोठ्या संगणक-केंद्रांत साठविलेल्या माहितीचा फार मोठा भाग आजही फिरत्या चुंबकीय तबकड्यांवर असतो. माहिती साठविण्याची ही रीत १९५६ साली आय.बी.एम. कंपनीच्या रामॅक या यंत्राबरोबर व्यवहारात आली. त्या यंत्रात एका कण्याभोवती ५० तबकड्या बसविलेल्या होत्या व त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. या सर्व तबकड्यांची सेवा एकच भुजा वरखाली फिरून करीत असे. पुढे तबकड्या लहान झाल्या, त्यांवरील माहिती कोट्यवधी पटींनी दाट झाली; परंतु एका वेळी एकच भुजासमूह हलावयाचा, ही मर्यादा बहुतेक हार्ड डिस्कमध्ये कायम राहिली.

विलंब कोठे होतो?

तबकडीवर माहिती एककेंद्री वलयांमध्ये लिहिलेली असते. हवी ती माहिती वाचण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागतात. प्रथम भुजेने आपले शीर्ष योग्य वलयावर नेले पाहिजे. नंतर तबकडी फिरून इष्ट भाग शीर्षाखाली आला पाहिजे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पुरा होतो; म्हणजे सरासरीने अर्ध्या फेऱ्याची, सुमारे ४ मिलिसेकंदांची, वाट पाहावी लागते. भुजेच्या हालचालीस सरासरी ८ मिलिसेकंद धरले, तर प्रत्येक विखुरलेल्या मागणीस १२ मिलिसेकंद लागतात. या हिशेबाने एक भुजा सेकंदाला सुमारे ८० मागण्या पुऱ्या करू शकते. तेवढ्या अवधीत संगणकाचा प्रक्रियक अब्जावधी क्रिया करून मोकळा झालेला असतो.

कर्नेलचे कार्य

संगणकावर चालणाऱ्या निरनिराळ्या कार्यक्रमांच्या मागण्या सरळ डिस्ककडे जात नाहीत. प्रचालन प्रणालीचा जो गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, तो त्या मागण्या स्वीकारतो, रांगेत लावतो व योग्य क्रमाने पुढे पाठवितो. उद्वाहक, म्हणजेच लिफ्ट, ज्याप्रमाणे वर जाताना वाटेतील सर्व मजल्यांवरील माणसे घेत जातो, त्याप्रमाणे कर्नेल मागण्यांचा क्रम असा लावतो की भुजेची व्यर्थ धावपळ टळावी. डिस्कलाही थोडी रांग स्वतःजवळ ठेवता येते. साटा पद्धतीच्या डिस्कमध्ये एका वेळी ३२ मागण्या अशा रीतीने प्रलंबित राहू शकतात.

दुसरी भुजा

तबकड्यांची साठवणक्षमता वाढत गेली, पण भुजेचा वेग त्या प्रमाणात वाढला नाही. समजा, २० टेराबाइट, म्हणजे २० लाख कोटी बाइट माहितीची डिस्क सेकंदाला २५ कोटी बाइट या वेगाने वाचावयाची आहे. त्यास ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांहून अधिक वेळ लागेल. हा प्रश्न केवळ खोळंब्याचा नाही. अनेक डिस्कच्या संचातील एक डिस्क निकामी झाली, की उरलेल्या डिस्क वाचून तिच्यावरील माहिती नव्या डिस्कवर पुन्हा उभी करावी लागते. एकाच डिस्कची हानी सोसू शकणाऱ्या संचात, हे काम चालू असताना दुसरी डिस्क बिघडली, तर माहिती कायमची नष्ट होते. जितका वेळ अधिक, तितका हा धोका अधिक.

यावर उपाय म्हणून सीगेट कंपनीने २०१७ मध्ये दोन भुजासमूहांची योजना जाहीर केली. या डिस्कमध्ये अर्ध्या तबकड्यांची सेवा एक समूह करतो व उरलेल्या अर्ध्यांची दुसरा. तबकड्या एकाच कण्यावर एकत्र फिरतात. परंतु दोन्ही समूह परस्परांपासून स्वतंत्रपणे हलू शकतात.

माहीत नसलेल्या भुजेचा उपयोग नाही

अशा काही डिस्क कर्नेलला दोन वेगळ्या डिस्कप्रमाणे दिसतात. साटा पद्धतीच्या डिस्कमध्ये मात्र सर्व पत्ते एकाच सलग मालिकेत असतात; पूर्वार्ध एका भुजेकडे व उत्तरार्ध दुसरीकडे. ही विभागणी कर्नेलला ठाऊक नसेल, तर काय होईल? रांगेतील ३२ मागण्या योगायोगाने पूर्वार्धातील असल्या, तर एक भुजा राबत राहील व दुसरी रिकामी बसेल.

एक उदाहरण घेऊ. ६४ मागण्या आहेत व प्रत्येकीस १२ मिलिसेकंद लागतात. एकाच भुजेस त्यासाठी ७६८ मिलिसेकंद लागतील. दोन भुजांत त्या ३२-३२ अशा वाटल्या, तर ३८४ मिलिसेकंद पुरतील. परंतु वाटणी ४८ व १६ अशी झाली, तर ५७६ मिलिसेकंद लागतील. कारण एकूण वेळ अधिक भार असलेल्या भुजेवरून ठरतो.

म्हणून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स कर्नेलच्या ५.१६ या आवृत्तीत नवी सोय करण्यात आली. कर्नेल डिस्कला विचारतो आणि प्रत्येक भुजेचा पट्टा कोठे सुरू होतो व किती लांब आहे, याची यादी डिस्क त्यास देते. २०२३ मधील ६.३ या आवृत्तीत बी.एफ.क्यू. नावाच्या नियोजकास या यादीचा उपयोग करण्याची रीत देण्यात आली. एखादी भुजा पुरेशी व्यग्र नाही असे आढळले, की हा नियोजक तिच्या पट्ट्यातील मागणी पुढे काढतो.

मर्यादा

नियोजकापाशी दुसऱ्या पट्ट्यातील मागणीच नसेल, तर तो तरी काय करणार? एकच लांब फाइल संपूर्णपणे पूर्वार्धात असेल, तर दुसऱ्या भुजेचे साहाय्य तिला मिळत नाही. त्यासाठी माहितीच दोन्ही पट्ट्यांत आलटून पालटून मांडावी लागते. तसेच, दोन पट्टे म्हणजे दोन सुरक्षित प्रती असे मानणे धोक्याचे आहे. कणा व विद्युत्-मंडल समाईक असल्यामुळे ते बिघडल्यास दोन्ही प्रती एकदमच जातात. दुसरी भुजा वेग देते. सुरक्षिततेसाठी दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवरच ठेविली पाहिजे.

यंत्रातील सामर्थ्य वाढविणे हे अर्धेच काम होय. त्या सामर्थ्याची खबर योजकास मिळणे आणि कामाची वाटणी त्यानुसार होणे, हे उरलेले अर्धे.