सणांचा शीण आणि गीतेतील त्रिविध कर्म

भाद्रपद आणि आश्विन हे दोन मास गृहस्थाच्या घरी आनंदाचे मानले आहेत. परंतु याच दोन मासांत घरोघरी चिडचिड, कर्ज आणि आजारपण वाढते, हा अनुभवही तितकाच सार्वत्रिक आहे. देवाने घरी यावे आणि त्याच वेळी शांतीने घर सोडावे, असे का होते? यावर उपाय म्हणून सणच सोडून द्यावेत काय? गीतेच्या अठराव्या अध्यायातील तेवीस ते पंचवीस या तीन श्लोकांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू.

प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य बेंगळूर येथे आहे. शहाजीराजांना १६३८ नंतर ही जहागीर मिळाली, तेव्हापासून मराठी माणूस या नगरीस परका राहिलेला नाही. साहजिकच येथील मराठी घरांत दोन्हीकडचे आचार एकत्र नांदतात. भाद्रपद शुद्ध तृतीयेस आमच्याकडे हरितालिकेचा उपवास असतो. त्याच दिवशी कन्नड घरांत स्वर्णगौरीचे व्रत असते आणि सुपांत बांगड्या, हळदकुंकू, नारळ, धान्ये इत्यादी घालून सुवासिनींस ‘बागिन’ द्यावयाचे असते. दुसऱ्या दिवशी गणपती येतात. पुढे आमच्या ज्येष्ठागौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर परत जातात. म्हणजे एका पंधरवड्यात गौर दोनदा येते. पितृपक्ष संपतो न संपतो तोच नवरात्रात बाहुल्यांची आरास मांडावयाची, मग दसरा, आणि त्यामागोमाग दिवाळी.

काही वर्षांपूर्वीची आमच्याच घरातील गोष्ट सांगतो. सोळा भाज्यांच्या नैवेद्याची चाल आईने सीमाभागातील माहेराहून आणलेली, आणि बागिनाची चाल पत्नीने शेजारणींकडून आपलीशी केलेली. त्या वर्षी तिने निर्जळ उपवासात पाच घरी बागिन पोहोचविले. गौरीपूजनाच्या दिवशी पहाटेपूर्वीच ती चुलीपाशी उभी होती. मी सोवळे नेसून पाटावर बसलो होतो. नैवेद्यास विलंब होऊ लागला, तसा मी तिथूनच ओरडलो, “अगं, मुहूर्त टळतो आहे!” उत्तर आले नाही. घेरी येऊन ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. आई म्हणाली, “अरे, आधी तिला पाणी दे. गौर थांबेल.”

त्या दिवसांत मी याच श्लोकांचे भाषांतर करीत होतो. सायंकाळी लिहिण्यास बसलो, आणि जे शब्द बालपणापासून पाठ होते ते प्रथमच समजले.

या श्लोकांत भगवंतांनी कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत. जे कर्तव्य म्हणून प्राप्त झाले आहे, आणि जे आसक्ती, राग, द्वेष व फलेच्छा यांवाचून केले जाते, ते सात्त्विक. जे कामनेने किंवा अहंकाराने केले जाते आणि ज्यात ‘बहुल आयास’ असतो, ते राजस. आणि अनुबंध, क्षय, हिंसा व पौरुष यांचा विचार न करता केवळ मोहाने जे आरंभिले जाते, ते तामस होय.

यातील ‘पौरुष’ या शब्दासाठी मी प्रथम ‘पराक्रम’ असे लिहिले होते. शंकराचार्यांच्या भाष्यात मात्र त्याचा अर्थ, हे कर्म मी तडीस नेऊ शकेन असे आत्मसामर्थ्य, असा दिलेला आहे. आता चारही शब्द सणास लावून पाहावेत. सणासाठी काढलेले आणि संक्रांतीपर्यंत न फिटणारे कर्ज, हा अनुबंध. द्रव्याची आणि शरीरबळाची हानी, हा क्षय. आपल्या हौसेपायी दुसऱ्यास होणारी पीडा, ही हिंसा. आणि हे सर्व पार पाडण्याची शक्ती घरात आहे किंवा नाही, हा पौरुषाचा विचार. माझे त्या दिवसाचे पूजन विधीस धरून होते. तथापि या चारांपैकी एकाचाही विचार मी केला नव्हता.

येथे कोणी म्हणेल की श्रमाशिवाय सण कसा होणार? गीतेने श्रमाचा निषेध केलेला नाही. गाणी म्हणत चौघींनी मिळून लाटलेल्या पुरणपोळ्यांतही श्रम असतोच; पण त्याने मन थकत नाही. शेजारच्या घरातील आरास मनात धरून जे केले जाते, ते थोडे असले तरी थकविते. आयासाचे मूळ कामाच्या राशीत फारसे नसते. ते बहुधा तुलनेत असते.

दुसरी शंका परंपरेची. ती कशी मोडावी? वस्तुतः ती मोडावी लागतच नाही. पूजेच्या आरंभी आपण जो संकल्प सोडतो, त्यातच ‘यथामिलित’ म्हणजे जी मिळाली त्या उपचारद्रव्यांनी, असे आपण म्हणत असतो. षोडशोपचार शक्य नसतील तर गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य या पंचोपचारांची सोय शास्त्रानेच ठेवली आहे. नवव्या अध्यायात तर भगवंत पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्यावरच संतुष्ट आहेत. यजमान मुखाने ‘यथाशक्ती’ म्हणतो. परंतु संकल्प त्याचा असतो आणि शक्ती खर्च होते ती गृहिणीची. ही विसंगती आधी दूर केली पाहिजे.

याच नगरीचे डी. व्ही. गुंडप्पा यांनी आपल्या कन्नड गीताविवरणास ‘जीवनधर्मयोग’ असे नाव दिले. त्या ग्रंथास १९६७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. गीतेचा उपयोग रोजच्या जगण्यात आहे, हे त्या नावातच आले. म्हणून पुढील नियम सुचवितो. सणाच्या आठ दिवस आधी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. प्रत्येक कृत्याविषयी, हे विहित आहे की लोकांसाठी आहे, असे विचारावे. खर्चाची मर्यादा आधी ठरवावी आणि ती ओलांडून उसने घेऊ नये. नारळ खोवणे, भांडी घासणे, फुले आणणे ही कामे पुरुषांनी व मुलांनी वाटून घ्यावीत. आदल्या दिवशी मंडईत फुलांचे भाव चढतात. तेव्हा दारची चार जास्वंदे पुरेशी मानावीत. आजारी, वृद्ध आणि गर्भवती यांच्यावर उपवासाचा आग्रह धरू नये.

पुढील वर्षी आमच्या घरी सोळा भाज्या आल्या, पण त्या एकत्र शिजवून एकच भाजी केली. बागिन एकीलाच दिले. आई एक दिवस अबोल होती. मग तिनेच भाजी निवडावयास घेतली. नारळ मी खोवला. नैवेद्यास त्याही वर्षी थोडा उशीर झाला, परंतु पाटावरून मी हाक मारली नाही. गौर थांबते, हे मला आता ठाऊक होते.