आधी अडचण, मग क्लास

ओओपीच्या, म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या, पहिल्याच तासाला फळ्यावर चार शब्द येतात: एन्कॅप्सुलेशन, अ‍ॅब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. पोरं ते वहीत उतरवतात, व्याख्या पाठ करतात आणि ओरलला घडाघडा म्हणून दाखवतात. इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरची प्रॅक्टिकल घ्यायला मी एक्स्टर्नल म्हणून बरीच कॉलेजं फिरलो आहे. व्याख्या न येणारा विद्यार्थी क्वचितच भेटला. लिहिलेल्या प्रोग्रॅममधली एक अट बदलायला सांगितली, की मात्र घाम फुटतो.

एका ओरलला लायब्ररीचा प्रोग्रॅम समोर आला. जर्नल देखणं, आकृत्या नेटक्या. ‘सदस्य’ हा मूळ क्लास, त्यातून निघालेले ‘विद्यार्थी’ आणि ‘शिक्षक’. विद्यार्थ्याला तीन पुस्तकं, शिक्षकाला दहा. मी विचारलं, “एम.टेक. करणारी मुलगी इथेच शिकवतेही. तिचं काय?” गटातला हुशार मुलगा लगेच म्हणाला, “सर, मल्टिपल इनहेरिटन्स!” आणि त्याने दोन्ही क्लासपासून तिसरा काढला. कंपायलर अडला: नावावरच्या पुस्तकांचा आकडा नेमका कुठला घ्यायचा? सी प्लस प्लसमध्ये असं केलं की त्या एका ऑब्जेक्टच्या पोटात ‘सदस्य’च्या दोन प्रती बसतात. पोराने एका ठिकाणी आकड्याच्या आधी ‘विद्यार्थी’चं नाव दोन कोलन देऊन लावलं, दुसऱ्या ठिकाणी ‘शिक्षक’चं. एरर गेली. मग पुस्तक दिलं ते विद्यार्थिनीच्या खात्यावर चढलं आणि परत घेतलं ते शिक्षिकेच्या खात्यातून वजा झालं. बाई एकच, पण एकीकडे नावावर एक पुस्तक आणि दुसरीकडे उणे एक!

‘व्हर्च्युअल’ लिहिलं की दोन प्रतींची एक होते. ते त्याला थोड्या वेळाने आठवलंही. पण पुढच्या वर्षी तिचं एम.टेक. संपलं आणि ती नुसती शिक्षिका उरली तर? तयार झालेल्या ऑब्जेक्टला या भाषेत क्लास बदलता येत नाही. विद्यार्थी असणं, शिक्षक असणं या माणसाच्या भूमिका, येतात, जातात. सदस्याकडे भूमिकांची यादी ठेवली असती तर तिसऱ्या क्लासची गरजच पडली नसती. पण सिलॅबसमध्ये इनहेरिटन्सचं युनिट आहे, म्हणजे ते वापरायलाच हवं, असा पोरांचा समज होतो. प्राणी-कुत्रा-मांजर ही लाडकी उदाहरणं त्यात भर घालतात. कुत्र्याचं कधी मांजर होत नाही, त्यामुळे ही अडचण वर्गात दिसतच नाही.

म्हणून शिकवणाऱ्यांना माझं सांगणं असं, की सुरुवातीची प्रॅक्टिकल क्लासशिवाय घ्या. बँक खात्याचा साधा प्रोग्रॅम, एक स्ट्रक्चर आणि भोवती फंक्शन्स. तो चालला की नियम बदला: किमान शिल्लक पाचशे. मग शिल्लक कुठेकुठे थेट बदलली आहे ते पोरांनाच शोधू द्या. जमा, उचल, व्याज, दंड, सगळीकडे हात घालून झाला की शिल्लक एका जागी बंद करून ठेवावी हे त्यांच्याच तोंडून येतं. एन्कॅप्सुलेशन हा शब्द तेव्हा उच्चारावा. आणि ‘सेट-बॅलन्स’ लिहू देऊ नका. एडिटरमध्ये बटण दाबून प्रत्येक फील्डला गेटर-सेटर काढायचे आणि वर ‘प्रायव्हेट आहे’ म्हणून सांगायचं, ही निव्वळ धूळफेक. खात्याला ‘जमा’ आणि ‘उचल’ कळलं, पुष्कळ झालं.

क्लासची कल्पनाही अडचणीतूनच आली. ऑस्लोत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांना रांगा, वाहतूक अशा व्यवस्थांची नक्कल कॉम्प्युटरवर चालवायची होती. त्यातून 1967 साली सिम्युला या भाषेत क्लास आणि सबक्लास आले. सी प्लस प्लस घडवणाऱ्या स्ट्रूस्ट्रपने केंब्रिजला सिम्युला वापरली होती. तिची मांडणी त्याला आवडली, वेग परवडेना. 1979 मध्ये बेल लॅब्जमध्ये त्याने सी भाषेवर क्लास चढवायला घेतले. एवढी गोष्ट सांगायला पाच मिनिटं लागतात.

पॅराडाइम्सचं, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या विचारपद्धतींचं, प्रकरण तर बहुतेक ठिकाणी एका तक्त्यात उरकतात: डावीकडे पीओपी (प्रोसिजर ओरिएंटेड), उजवीकडे ओओपी, खाली आठ फरक. रॉबर्ट फ्लॉइडने 1978 च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. प्राध्यापकाला काय शिकवता विचारावं तर तो भाषेचं नाव सांगतो. म्हणजे व्याकरण शिकवतो आणि विचार कसा करायचा ते पोरांवर सोडतो. तुम्ही ज्या पद्धतीने विचार करता ती ओळखा आणि उघडपणे शिकवा, असा त्याचा आग्रह होता.

त्यासाठी नवी भाषा आणायलाच हवी असं नाही. शेजारच्या लॅबमध्ये हीच पोरं डीबीएमएस करत असतात. प्रत्येक तुकडीची सरासरी सी मध्ये काढायची तर लूप, बेरजा, मोजणी, सगळं आलं; एसक्यूएलमध्ये ‘ग्रुप बाय’ची एक ओळ. कसं करायचं हे इथे सांगतच नाही, काय हवं तेवढं सांगतो. हा वेगळा पॅराडाइम आहे हे त्यांना कुणी बोललेलंच नसतं. तोच प्रश्न फंक्शन्सनी, ऑब्जेक्ट्सनी आणि क्वेरीने सोडवायला लावा आणि नवी तुकडी, नवा विषय, ग्रेसचे मार्क असे बदल एकेक करून आणा. कुठला बदल कुठल्या मांडणीला जड जातो, ते पोरं आपणच ताडतात.

ओरललाही व्याख्या विचारू नका. एक अट बदला आणि ती बसवायला किती क्लासमध्ये हात घालावा लागतो ते बघा, मार्क त्याचे. आणि एखाद्याने “सर, इथे क्लासची गरजच नाही” असं कारणासकट सांगितलं तर पूर्ण मार्क द्या. मी देतो. इंटर्नल कधीकधी नाराज होतात.