विमानाचा प्रवासकाल व दोन गावांची घड्याळे
(भूगोल व गणित यांचा जोडपाठ : इयत्ता सहावी व सातवी)

कोकणातील व घाटावरील अनेक गावांतून माणसे नोकरीसाठी दुबईस जातात. त्यांची मुले आपल्याच शाळांतून शिकतात. त्यामुळे मुंबई ते दुबई हा विमानमार्ग पाठासाठी घेतल्यास विषय मुलांस परका वाटत नाही.

साहित्य : पृथ्वीगोल, दोरा, मोजपट्टी, पुठ्ठ्याची दोन घड्याळे.

अंतर : पृथ्वीगोलावर मुंबई व दुबई यांमध्ये दोरा ताणून धरावा व त्याची लांबी मोजावी. गोलाचा परिघ ९४ सेंटिमीटर असल्यास दोरा सुमारे साडेचार सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर धरून मुलांनी त्रैराशिक मांडावे. उत्तर १,९०० किलोमीटरांहून थोडे अधिक येते. दोन्ही विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे.

प्रवासकाल : पुढील वेळा उदाहरणादाखल द्याव्यात. विमान मुंबईहून सकाळी १० वाजता निघून दुबईस ११-४५ ला पोचते. परतीचे विमान दुबईहून दुपारी २ वाजता निघून मुंबईस सायंकाळी ६-३० ला पोचते. मुले वजाबाकी करून जाण्यास पावणेदोन तास व येण्यास साडेचार तास असे उत्तर देतील. एकाच वाटेला इतका फरक कसा, हा प्रश्न मुलांच्याच तोंडून यावा. शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये.

मुलांची वजाबाकी बिनचूक असते. परंतु पहिली वेळ एका घड्याळातील व दुसरी दुसऱ्या घड्याळातील असते. भारताची प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, तर दुबईची वेळ ६० अंश पूर्व रेखांशाशी जुळते. फरक २२॥ अंशांचा. दर अंशास ४ मिनिटे, म्हणजे ९० मिनिटे. दुबईचे घड्याळ आपल्यामागे दीड तास आहे. दोन्ही वेळा भारतीय घड्याळात मांडल्या की जाण्याचा काल सव्वातीन तास व येण्याचा तीन तास निघतो.

एखादा चौकस विद्यार्थी दोन्ही शहरांच्या रेखांशांतील सुमारे १७॥ अंशांचा फरक घेऊन ७० मिनिटे असे उत्तर काढील. त्यास चुकीचे म्हणून गप्प बसवू नये. तो सूर्याच्या वेळेतील फरक होय. घड्याळे मात्र प्रमाणरेखांशावर लावलेली असतात.

ताळा : मुलांच्या पहिल्या दोन उत्तरांची बेरीज सव्वासहा तास होते व खऱ्या दोन कालांचीही तितकीच. जाताना जो दीड तास वजा झाला, तोच येताना मिळविला गेला.

उरलेला पाव तासाचा फरक बहुधा वाऱ्यामुळे पडतो. उंचावरील वारे या भागात, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून वाहतात. ते जाताना विमानास अडवितात व येताना साहाय्य करितात.

स्वाध्याय : सिंगापूरचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. मुंबईहून सकाळी ८ वाजता निघालेल्या विमानास साडेपाच तास लागल्यास ते तेथील किती वाजता पोचेल? (उत्तर : दुपारी ४.)

ज्या मुलाचे वडील परदेशी आहेत, त्याच्या हाती दुसरे घड्याळ द्यावे व या क्षणी तेथे किती वाजले असतील ते त्यास लावावयास सांगावे. त्याने काटे योग्य फिरविले, म्हणजे पाठ साधला असे समजावे.