सडपातळ माणसाचा मधुमेह

‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण गुजरातेत सर्वांच्या तोंडी आहे. परंतु जेवणात विवेक नसल्यास मरण काशीपर्यंत थांबत नाही, हा धडा आमच्या घराला मिळाला आहे. आमचे अब्बा खानदेशातून सुरतेस यंत्रमागावर कामाला आले. अंगाने काठीसारखे. “एवढ्या बारीक माणसाला कसला मधुमेह?” असे सारेच म्हणत. पायाची जखम महिनोन्महिने भरेना, तेव्हा रक्त तपासले गेले. पुढे अंगठा काढावा लागला.

याचे कारण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून कळते. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचे व ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणजे आपण दिसतो बारीक, पण चरबी आत दडलेली असते. पोटातील ही चरबी इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते. मग रक्तात वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू व रक्तवाहिन्या यांना अकाली जीर्ण करते.

यावर उपाय महाग नाही. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आपण खानदेशात सोडून आलो. ती पुन्हा ताटात यावी. तिच्यातील चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. हिवाळ्यात सुरतेत मिळणारा पोंक, म्हणजे आपला हुरडाच, अवश्य खावा. मात्र त्याबरोबरची तळलेली शेव व साखरेचे दाणे बेताने घ्यावेत. चांदणी पडव्याला घारी खावी, पण एक तुकडा, आणि तीही वाटून. पापडी, पालेभाजी व डाळ ताटात भाताहून अधिक असावी. मीठ सर्व पदार्थांत मिळून माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, एवढेच.

तिशी उलटल्यावर रक्ततपासणी करावी. आणि आजच घरी शिवणकामाची टेप घेऊन प्रत्येकाने पोटाचा घेर मोजावा. पुरुषांचा ९० व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

अब्बांचे हातपाय बारीक होते, पोट मात्र थोडे सुटलेले होते. ते आम्ही कधी मोजलेच नाही.