कडी आतून उघडली पाहिजे

घर बांधताना आपण दगड पारखून घेतो. लाकूड वाजवून पाहतो. सुताराला चार वेळा विचारतो. पण कडी-कोयंडा? तो शेवटच्या दिवशी, उरल्यासुरल्या पैशांत येतो. “बसेल तसा बसवा,” असं म्हणून आपण मोकळे होतो. आज या लहानशा वस्तूविषयी वाचू या.

दाराची दोन कामे

दार कशासाठी? आम्ही मुरुडच्या वर्गात हा प्रश्न विचारला. सगळे एकदम म्हणाले, “चोर बाहेर राहावा म्हणून!” एक आजीबाई मात्र म्हणाल्या, “आन् आग लागली तर माणसानं बाहेर कुठून यावं?”

आजीबाईंचं म्हणणं खरं आहे. चोराला अडवणे हे दाराचे एक काम. घरच्या माणसाला चटकन बाहेर सोडणे हे दुसरे काम. पहिले काम आपल्या ध्यानात राहते. दुसरे आपण विसरतो.

दोन दुःखाच्या गोष्टी

डिसेंबर 2016 मध्ये पुण्याच्या कोंढवा भागात एका बेकरीला पहाटे आग लागली. कामगार आतच झोपले होते. दाराला बाहेरून कुलूप होते. सहा कामगार दगावले. मे 2019 मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाची येथे साड्यांच्या दुकानाला अशीच पहाटे आग लागली. तेथेही आत झोपलेल्यांना दार बाहेरून बंद होते. पाच कामगार गेले.

पोटासाठी परगावी गेलेली ही माणसे. आपल्या मुरुडची, लातूरची पोरेही पुण्याला कामाला जातात, दुकानातच झोपतात. म्हणून ही गोष्ट लांबची नाही.

नियम कोठून आले?

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असे आपण म्हणतो. बांधकामाचे पुष्कळ नियम असेच झाले आहेत.

1903 साली अमेरिकेत शिकागो शहरात एका नाटकगृहाला आग लागली. सुमारे सहाशे माणसे मेली. काही दारे बंद होती. काही दारे आतल्या बाजूला उघडणारी होती. मागून गर्दीचा रेटा आला. दारापाशी उभ्या माणसाला दार आत ओढायला जागाच उरली नाही.

त्यानंतर दारावर बसवायचा एक आडवा दांडा निघाला. त्याला नुसता धक्का लागला की दार बाहेर उघडते. किल्ली नको, कडी शोधायला नको. पण असा दांडा ऐन वेळी अडकला तर? म्हणून त्याची परीक्षा घेतात. अमेरिकेतल्या एका परीक्षेत तो एक लाख वेळा दाबून पाहतात. त्यात उतरला तरच त्यावर शिक्का बसतो.

आपल्या देशातही इमारतींची राष्ट्रीय नियमावली आहे. ती प्रथम 1970 साली निघाली. शाळा, सिनेमागृह, कारखाना अशा इमारतींसाठी ती सांगते : बाहेर पडायचे दार आतून किल्लीवाचून उघडले पाहिजे. ते बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजे.

शिक्का कसा वाचावा?

कडी, बोल्ट, बिजागरी यांसाठीही देशाची प्रमाणे आहेत. ही कामे 1947 पासून भारतीय मानक संस्था करीत असे. 1987 पासून ती भारतीय मानक ब्यूरो करते. पोलादी बिजागरीचे प्रमाण आयएस 1341 हे आहे. बिजागरी मोकळी फिरली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. टॉवर बोल्टचे प्रमाण आयएस 204 आहे. बाहेरून कुलूप घालायच्या आल्ड्रॉपचे प्रमाण आयएस 281 आहे.

माल प्रमाणात उतरला, तर त्यावर आयएसआयची खूण असते. खुणेच्या वरती प्रमाणाचा आकडा असतो. खाली परवान्याचा क्रमांक असतो. नुसती खूण पाहू नका, दोन्ही आकडे वाचा. आता तुम्हाला वाचता येते. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ नावाचे ॲप आहे. त्यात परवान्याचा क्रमांक घातला की तो खरा की खोटा ते कळते.

चांगली कडी, कच्ची भिंत

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आपल्याच जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसे गेली. जाड दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाची माती झोपलेल्यांवर कोसळली. तेथे नुसत्या चांगल्या कडीने जीव वाचले नसते. भिंत कलली की चौकट वाकडी होते. चौकट वाकडी झाली की दार अडकते. मग बोल्टवर कितीही शिक्के असोत!

म्हणून दगड-मातीच्या घरांच्या नियमात, आयएस 13828 मध्ये, भिंतीपासून सुरुवात केली आहे. दार कोपऱ्याला चिकटून ठेवू नये. दाराच्या वरच्या अंगाने साऱ्या भिंतींना एकसंध पट्टा घालावा. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांच्या आत, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बसवावा. आधी भिंत, मग चौकट, मग कडी. तिन्ही मिळून दार होते.

घरी काय करावे?

रात्री आतून कुलूप घालू नये. कडी किंवा बोल्ट लावावा. कुलूप घालावेच लागले, तर किल्ली दाराजवळ ठरलेल्या खिळ्याला टांगावी. उशाखाली ठेवू नये.

शेतात जाताना लेकरू आत झोपले म्हणून बाहेरून कडी घालू नये. म्हाताऱ्या माणसालाही कोंडून जाऊ नये. शेजारणीला सांगून जावे.

बिजागरीचे स्क्रू हातोड्याने ठोकू देऊ नका. पेचकसानेच आवळून घ्या. ठोकलेला स्क्रू लाकडाला नीट धरत नाही. पुढे दार खाली बसते आणि बोल्ट भोकात जात नाही.

पोरगा परगावी कामाला असेल, तर त्याला आजच विचारा, “बाबा, तू झोपतोस तिथलं दार आतून उघडतं का?”

करून पाहा : आज रात्री दिवा मालवा. अंधारात चाचपडत दारापाशी जा आणि कडी काढा. मग घरातल्या लहान मुलाला आणि आजीलाही काढायला सांगा. ज्याला निघाली नाही, त्याच्यासाठी ती कडी उद्याच बदला.