सर्पाला न विचारलेला प्रश्न : उत्पत्तिकथा, क्रिस्तपुराण आणि अनुराग सागर

१

बायबलमधील ‘उत्पत्ति’ या पहिल्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात ‘चांगले’ हा निर्वाळा सात वेळा येतो. प्रकाश, भूमी, वनस्पती, आकाशातील ज्योती, जलचर व पक्षी, भूचर पशू, असा एकेक टप्पा पार पडल्यावर देव आपली कृती पाहतो व ती चांगली ठरवतो. सातव्या वेळी समग्र सृष्टी अतिशय चांगली ठरते. परंतु दोनच अध्यायांनंतर बागेत एक धूर्त सर्प बोलू लागतो. हा सर्प देवानेच निर्माण केलेल्या प्राण्यांपैकी एक आहे, असे ग्रंथकार स्पष्टपणे सांगतो. सर्व निर्मिती चांगली असेल तर मोह घालणारी ही वाणी आली कोठून, हा प्रश्न येथे अपरिहार्यपणे उद्भवतो. अनेक शतके भाष्यकारांना छळणाऱ्या या प्रश्नाचा मराठी आणि छत्तीसगढी परंपरांच्या संदर्भात विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

मूळ हिब्रू कथेतील काही गोष्टी प्रथम लक्षात घेतल्या पाहिजेत. सर्प म्हणजे सैतान, असे या कथेत कोठेही म्हटलेले नाही. ‘पाप’ या अर्थाचा हिब्रू शब्दही तिसऱ्या अध्यायात आढळत नाही. तो प्रथम चौथ्या अध्यायात, काइन आपल्या भावाचा वध करण्यापूर्वी, येतो. उलटपक्षी ‘वाईट’ हा शब्द दुसऱ्या अध्यायातच, कोणाकडूनही काही वाईट घडण्यापूर्वी, एका झाडाच्या नावात येऊन गेलेला असतो. थोडक्यात, कथा सुरू होते तेव्हा वाइटाची शक्यता गृहीत आहे. तिचा जन्म मात्र सांगितलेला नाही.

याहून अर्थपूर्ण गोष्ट आहे ती फळ खाल्ल्यानंतरच्या चौकशीत. देव आदामाला प्रश्न विचारतो. आदाम स्त्रीकडे बोट दाखवतो. देव स्त्रीला प्रश्न विचारतो. ती सर्पाकडे बोट दाखवते. आता सर्पाची पाळी येते, पण त्याला एकही प्रश्न विचारला जात नाही. त्याला सरळ शाप दिला जातो. दोषाची साखळी येथेच तुटते. सर्पाला विचारले असते, तर त्यानेही आणखी कोणाकडे बोट दाखवले असते, आणि न्यायशास्त्रात जिला ‘अनवस्था’ म्हणतात, ती येथे ओढवली असती. कथाकाराचे हे मौन अनवधानाचे नसून हेतुपुरस्सर असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे. त्याला वाइटाच्या उगमाचा शोध घ्यावयाचा नसून उत्तरदायित्व माणसापाशी आणून थांबवावयाचे आहे.

३

उत्तरकालीन परंपरेला हे मौन मानवले नाही. यशयाच्या ग्रंथातील चौदाव्या अध्यायात बाबेलच्या राजाला उद्देशून एक उपहासगीत आहे. त्यात त्या राजाला आकाशातून कोसळलेला पहाटेचा तारा म्हटले आहे. लॅटिन भाषांतरात या ताऱ्यासाठी आलेला ‘लुसिफर’ हा शब्द पुढे पतित देवदूताचे विशेषनाम बनला, आणि प्रकटीकरणाच्या ग्रंथातील पुरातन सर्पाशी त्याची सांगड घातली गेली. अशा रीतीने मानवी पतनाच्या आधी एक स्वर्गीय पतन कल्पिले गेले. तथापि त्यामुळे प्रश्न सुटला नाही. तो केवळ एक पायरी वर सरकला. चांगल्या देवदूताच्या ठायी गर्व कोठून आला? ऑगस्टिनने (३५४–४३०) याचे जे उत्तर दिले, ते एका अर्थाने मूळ कथेच्या मौनाकडे परतणारे आहे : दुष्ट इच्छेचे कारण शोधणे म्हणजे अंधार डोळ्यांनी पाहू जाण्यासारखे होय.

मराठीत ही पतनकथा विस्ताराने आली ती थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’त. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली त्याची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. यातील ‘पहिले पुराण’ लुसिफरच्या गर्वाची व अधःपाताची कथा सांगते. स्टीफन्सचे श्रोते पुराणश्रवणाला सरावलेले होते. देव-दैत्यांची वैरे, तपाने माजलेले असुर, शाप आणि उःशाप हे सारे त्यांच्या परिचयाचे होते. त्यांच्यासाठी सर्प हा शेषाचा वंशज, नागपंचमीला पूजिला जाणारा. त्याचे शत्रुरूप स्वतंत्रपणे पटवून देणे आवश्यकच होते. पुराणाच्या घाटात लुसिफर सहज सामावला, याचे श्रेय स्टीफन्सच्या भाषाप्रभुत्वाला दिलेच पाहिजे.

परंतु याला एक दुसरी बाजू आहे. गोव्याच्या ख्रिस्ती बोलीत सैतानासाठी रूढ झालेला शब्द आहे ‘देवचार’. त्याच भूमीतील हिंदू लोकधर्मात मात्र देवचार हा गावाचा राखणदार आहे. रात्री तो सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, अशी श्रद्धा आहे. एका बाजूचा रक्षक दुसऱ्या बाजूचा सैतान झाला. ज्या साष्टीत स्टीफन्सने आयुष्य वेचले, तेथील देवळे १५६७ साली पाडली गेली होती, हे स्मरणात ठेवले की या शब्दांतराचे गांभीर्य ध्यानात येते.

४

हे केवळ ख्रिस्ती परंपरेतच घडते असे मानणे चूक ठरेल. रायपूर शहरातील तेलीबांधा या तलावाच्या व वस्तीच्या नावातच तेली समाजाची आठवण आहे. १८५४ पर्यंत नागपूर राज्यात असलेल्या या प्रदेशात तेली, पनिका इत्यादी समाजांत कबीरपंथाचा मोठा प्रसार झाला. पंथाच्या धर्मदासी शाखेची गादी रायपूर-बिलासपूर मार्गावरील दामाखेडा येथे आहे. या शाखेत मान्यता पावलेला ‘अनुराग सागर’ हा कबीर-धर्मदास संवाद अभ्यासक नंतरच्या पंथीय परंपरेतील मानतात. त्यात सत्पुरुष आपल्या शब्दातून पुत्र निर्माण करतो. त्यांपैकी निरंजन दीर्घ तप करून राज्य मिळवतो, निर्मितीची सामग्री कूर्मावर आघात करून हिरावून घेतो आणि सोबत पाठवलेल्या आद्येला गिळून टाकतो. सत्पुरुषाच्या शापाने तो काळ बनतो. रोज लक्ष जीव भक्षितो. आपण राहतो ते जग या काळाचे आहे.

लुसिफर व निरंजन यांत भेद आहे. लुसिफर चांगल्या सृष्टीत शिरलेला घुसखोर आहे; निरंजन या सृष्टीचा धनीच आहे. परंतु एका बाबतीत दोन्ही कथा सारख्या वागतात. ‘अनुराग सागरा’त ब्रह्मा, विष्णू, महेश हे निरंजनाचे पुत्र आहेत, म्हणजे शेजाऱ्याची दैवते येथेही काळाच्या राज्यात जमा होतात. वाइटाला निश्चित पत्ता मिळाला, की तो पत्ता बहुधा दुसऱ्याच्या देवघराचा निघतो.

५

ब्रह्मसूत्रकारांनी विषमता व निर्दयता यांचा दोष ईश्वराकडे न जावा म्हणून कर्माचा आधार घेतला, आणि संसार अनादी मानून अनवस्थेचा आक्षेप निरस्त केला. उत्पत्तिकथेला असा अनादिपणा उपलब्ध नव्हता. तिने सृष्टीला आरंभ मानला आहे. म्हणूनच तिचे मौन अधिक धैर्याचे वाटते. मराठी वाचकाला या मौनाची जवळीक ‘पसायदाना’त आढळेल. ज्ञानदेव तेथे खळांचा नाश मागत नाहीत. त्यांच्या ठायीचा वाकडेपणा जावा, एवढेच मागतात. खळता कोणाच्या वंशात वा दैवतात वसते, याची ते चौकशी करीत नाहीत.

लुसिफर आणि निरंजन यांच्या कथांनी माणसाला दुःखाचे विराट चित्र दिले आणि आपण एकाकी नाही हा दिलासाही दिला; त्यांचे हे मोल नाकारता येणार नाही. तथापि या कथा वाचताना बागेतील ती चौकशी विसरता कामा नये. तेथे प्रश्न दोघांनाच विचारले गेले, आणि ती दोघेही माणसे होती.