संत्र्याचे क्रेट मोजणारं फाटक

ऑक्टोबरात आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की कळमन्याच्या बाजाराकडे गाड्यांची रीघ लागते आणि तिच्यामागोमाग प्लास्टिकच्या क्रेटचा जुना तंटाही येतो. पॅकहाउसवाला म्हणतो तीनशे दिले, शेतकरी म्हणतो दोनशे ऐंशीच मिळाले. वहीवर सही कोणाचीच नसते आणि तुटीचे पैसे बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून कापले जातात. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण मोजणी चोख ठेवणं आता अवघड राहिलेलं नाही. खालची कृती काटोल, कळमेश्वर, वरुड भागातल्या साध्या पॅकहाउससाठी आहे: एक प्रतवारीची शेड, एक शीतगृह, दोन फाटकं आणि तिथून दोन-तीनशे मीटरवर ऑफिस.

तंत्र ओळखीचंच आहे. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग म्हणजे आरएफआयडी. टॅगमध्ये बॅटरी नसते. अँटेनाकडून आलेल्या रेडिओ लहरींवरच तो जागा होतो आणि आपला क्रमांक परत पाठवतो. आपल्याकडे 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा यासाठी 2005 पासून विनापरवाना खुला आहे. प्रेषकाची शक्ती 1 वॅट आणि अँटेनातून पडणारी 4 वॅट, ही मर्यादा. टॅग वाचणारा रीडर घेताना तो याच पट्ट्याचा आहे ना, हे बिलावर लिहून घ्या. अमेरिकेसाठी बनवलेले रीडर 902 ते 928 वर चालतात. स्वस्त मिळाले तरी आणू नका, त्या भागात इथे मोबाइल चालतो.

आधी टॅग. कागदी चिकटपट्टीचा टॅग पहिल्याच धुण्यात निघून येतो. कडक प्लास्टिकच्या आवरणातला टॅग घ्या आणि तो प्लास्टिकच्या रिव्हेटने क्रेटच्या लांब बाजूवर, वरच्या काठाखाली बाहेरून बसवा. जागा महत्त्वाची आहे. संत्र्यात 80 टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. रिकाम्या क्रेटवर पाच-सहा मीटरवरून वाचला जाणारा टॅग फळाला चिकटला की हातभर अंतरावरूनही बोलत नाही. काठाखाली फळ आणि टॅग यांच्यात बोट-दीड बोट पोकळी राहते, तेवढी पुरते. प्रत्येक क्रेटला समोरासमोर दोन टॅग लावून दोन्ही क्रमांक एकाच क्रेटच्या नावावर नोंदवा. खर्च वाढतो, पण थप्पीत एक बाजू आत दबली तरी दुसरी वाचली जाते. तोच क्रमांक क्रेटवर ठळक आकड्यांतही छापा. रीडर बंद पडला तर हमालाला डोळ्यांनी वाचता आला पाहिजे.

मग फाटक. दोन्ही खांबांवर दोन-दोन, असे चार अँटेना वेगवेगळ्या उंचीवर बसवा: एक गुडघ्याच्या, एक छातीच्या. या लहरीची लांबी साधारण 35 सेंमी असते. जमिनीवरून आणि पत्र्यावरून परतलेली लहर मूळ लहरीला भिडली की अधेमधे मुकी जागा तयार होते. एका अँटेनाची मुकी जागा दुसऱ्याने झाकायची असते. अँटेना वर्तुळाकार ध्रुवणाचे घ्या, म्हणजे क्रेट आडवा आला काय नि उभा आला काय, फरक पडत नाही.

इथे एक चूक नेहमी होते, माझ्याही हातून झाली आहे. एका शेडमध्ये मी शक्ती पूर्ण ठेवली आणि खूश झालो, कारण प्रत्येक क्रेट वाचला जात होता. संध्याकाळी आकडा दीडपट निघाला. फाटकाशेजारी रचलेली रिकामी थप्पीही दिवसभर वाचली जात होती. तेव्हापासून मी शक्ती हळूहळू उतरवतो, फाटकापासून चार मीटर जागा पिवळ्या पट्ट्याने मोकळी ठेवतो आणि गाडा आडवा येईल तेव्हाच वाचन सुरू करणारा प्रकाशाचा सेन्सर लावतो.

आता फाटकापासून ऑफिसपर्यंतची फायबर. तांब्याची नेटवर्क केबल 100 मीटरपर्यंतच धरायची, हे एक कारण. मोठं कारण वीज. विदर्भात मे-जूनच्या वादळात एक वीज जवळ पडली की दोन इमारतींमधल्या तांब्यातून दाब धावतो आणि दोन्हीकडचे पोर्ट जळतात. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. मात्र केबलला पोलादी कवच असेल तर हा फायदा निम्मा गेला, म्हणून उंदरांसाठी काचतंतूचं कवच असलेली, धातूविरहित, सिंगल-मोड केबल मागा.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि गाडलेली केबल ओढते. म्हणून केबल थेट पुरू नका. मीटरभर खोल चर, त्यात एचडीपीई पाइप आणि दोन्ही टोकांच्या चेंबरमध्ये पाच-सहा मीटरचं सैल वेटोळं. ओढताना वळण केबलच्या जाडीच्या वीसपटीहून लहान होऊ देऊ नका. निळा कनेक्टर निळ्याला, हिरवा हिरव्याला. मिसळले की प्रकाश सांडतो. जोडण्याआधी टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि टोकात डोळा लावून कधीही पाहू नका, तो लेझर दिसत नाही पण डोळा जाळू शकतो. तीनशे मीटरच्या ओळीत जोड-कनेक्टर धरून घट दीड डेसिबलच्या आसपास असावी. मीटरने तीनच्या वर दाखवली तर केबलला दोष देण्याआधी कनेक्टर पुन्हा पुसा. बहुतेकदा धूळच निघते.

रीडर लोखंडी पेटीत बंद करू नका, नागपूरच्या 45 अंशांत तो तापून गप्प होतो. सावलीत, हवेशीर जागी ठेवा आणि अर्ध्या तासाचा बॅटरी बॅकअप द्या. फायबर तुटली तरी रीडरने नोंदी स्वतःजवळ साठवून नंतर पाठवाव्यात, ही सोय चालू आहे का ते तपासा.

शेवटी परीक्षा, आणि ती भरलेल्या, ओल्या क्रेटवरच. विक्रेता रिकामे क्रेट फिरवून दाखवतो, त्यावर पैसे देऊ नका. मोजून पन्नास भरलेले क्रेट दोन्ही दिशांनी वीस वेळा न्या. एकही सुटला तर अँटेना हलवा, पुन्हा न्या. त्यानंतर आठवडाभर हाताची मोजणी सोबत चालू ठेवा.

एवढं झालं की फाटकावर आकड्यांचा एक पडदा लावा आणि गाडी निघताना त्याच आकड्याची पावती शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाऊ द्या. पडद्याचं तोंड ऑफिसकडे नको, माल उतरवणाऱ्या शेतकऱ्याकडे ठेवा.